यजमानाच्या तुरुंगात कोण आहे, ते आधी विचारा

राजापूर तालुक्यातल्या एका कार्यकर्तीने विचारलं आहे: "बार्सूच्या रिफायनरीविरोधी आंदोलनातल्या आमच्या गटाला नोव्हेंबर २०२६ मध्ये तुर्कस्तानात अंताल्याला होणाऱ्या हवामान परिषदेसाठी एका मोठ्या संस्थेच्या कोट्यातून निरीक्षकाचा एक बॅज मिळतोय. लिहिल्या-बोलल्याबद्दल स्वतःच्याच माणसांना आत टाकणाऱ्या सरकारच्या मांडवात जाऊन आपण त्याची शोभा वाढवतो का? आणि गेलेच, तर काय करायचं आणि काय टाळायचं?"

जा. हे मी पटकन म्हणत नाहीये. परिषदेला जाणाऱ्या निरीक्षकांची तयारी करून घेण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे, आणि प्रत्येक वेळी हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. न गेल्याने यजमान सरकारचं काही अडत नाही. अडतं ते तिथल्या तुरुंगातल्या माणसाचं. त्याचं नाव चार परदेशी माणसांच्या तोंडून निघण्याची तीच एक वेळ असते. पण जायचं तर एक गोष्ट मनाशी पक्की करून जा: तिथे धोका तुम्हाला थोडा असतो आणि स्थानिक माणसाला फार असतो. तुम्ही दोन आठवड्यांनी विमानात बसता, तो तिथेच राहतो. माझा सगळा सल्ला याच एका गोष्टीतून निघतो.

आधी हे देश यजमान होतातच कसे, ते पाहू. संयुक्त राष्ट्रांचे पाच प्रादेशिक गट आहेत आणि यजमानपद त्यांच्यात फिरतं. गटातल्या सगळ्या देशांचं एकमत व्हावं लागतं. मानवी हक्कांचा निकष त्यात कुठेच नाही. २०२४ ची पाळी पूर्व युरोपाच्या गटाची होती. युरोपीय संघातला देश रशियाला चालेना, आर्मेनिया आणि अझरबैजान एकमेकांना अडवून बसले. ७ डिसेंबर २०२३ ला, दुबईची परिषद चालू असतानाच, त्या दोघांनी संयुक्त निवेदन काढलं: अझरबैजान ३२ आर्मेनियन सैनिकांना सोडेल, आर्मेनिया दोन अझेरी सैनिकांना सोडेल आणि बाकूच्या, म्हणजे अझरबैजानच्या राजधानीच्या, दाव्याला पाठिंबा देईल. त्या सैनिकांच्या घरी आनंद झाला असणार, मलाही तो आहेच. पण पृथ्वीच्या तापमानावर बोलायची जागा कैद्यांच्या देवघेवीत ठरली, हे त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेलं नाही.

एकदा यजमान ठरला की त्याचा आणि परिषद भरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान सचिवालयाचा करार होतो. तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा कागद हाच. परिषदेच्या आतल्या भागाला, ज्याला सगळे ब्लू झोन म्हणतात, त्या दिवसांपुरते संयुक्त राष्ट्रांचे नियम आणि त्यांचेच सुरक्षारक्षक असतात. दाराबाहेर पाऊल टाकलं की यजमानाचा कायदा. हे करार बरीच वर्षं लोकांपुढे येतच नव्हते. २०२३ च्या जूनमध्ये जर्मनीतल्या बॉनच्या बैठकीत देशांनी ते जाहीर व्हावेत, अशी शिफारस केली. बाकूच्या कराराची प्रत ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संस्थेने मिळवली, तेव्हा त्यात दिसलं की सहभागी लोकांनी अझरबैजानचे कायदे पाळायचे आणि त्याच्या अंतर्गत बाबींत ढवळाढवळ करायची नाही. आता "अंतर्गत बाब" म्हणजे काय, हे ठरवणार कोण? तिथला पोलीसच. म्हणून बॅज हातात आला की सचिवालयाकडे अंताल्याच्या कराराची प्रत मागा. दिली नाही, तर मागितल्याची नोंद तरी राहते.

ब्लू झोनच्या आतही मोकळं रान नसतं. निदर्शनासाठी आधी अर्ज करावा लागतो, जागा आणि वेळ ठरवून मिळते, फलकावर काय लिहिणार तेही सांगावं लागतं. देशाचं, व्यक्तीचं किंवा कंपनीचं नाव घ्यायचं नाही, हा नियम कडक. ९ डिसेंबर २०२३ ला दुबईत तुरुंगातल्या अहमद मन्सूर (अमिरातीतला मानवी हक्क कार्यकर्ता) आणि इजिप्तचा अला अब्द अल-फत्ताह यांच्यासाठी छोटंसं निदर्शन झालं. लोकांनी फलकांवरचा मजकूर आधीच खोडला होता. तरीही नावं दिसतील म्हणून ते फलक दुमडायला लावले. हे संयुक्त राष्ट्रांच्या आवारात घडलं. पत्रकार परिषदेच्या खोलीत मात्र बोलायला बरीच मोकळीक असते. तिथे नावं घेता येतात. निरीक्षक संस्थांना ती खोली अर्ध्या तासासाठी मागता येते. ज्या संस्थेच्या कोट्यातून जाताय, तिच्या संपर्क अधिकाऱ्याला आत्ताच सांगून ठेवा की त्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं तुम्हाला हवी आहेत.

त्या खोलीत काय होऊ शकतं, ते इजिप्तमधल्या शर्म अल-शेखला २०२२ च्या परिषदेत दिसलं, म्हणून ती हकिगत जरा सविस्तर सांगते.

अला अब्द अल-फत्ताह हा इजिप्तच्या २०११ च्या क्रांतीतून पुढे आलेला लेखक आणि संगणकतज्ज्ञ. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये त्याला अटक झाली. दोन वर्षांहून अधिक काळ खटल्याविना ठेवून डिसेंबर २०२१ मध्ये पाच वर्षांची शिक्षा दिली. आरोप खोटी बातमी पसरवल्याचा. त्याने तुरुंगातल्या छळाबद्दलची एक पोस्ट पुढे पाठवली होती. २ एप्रिल २०२२ पासून तो उपोषणावर होता, दिवसाला साधारण शंभर कॅलरींवर. ६ नोव्हेंबरला परिषदेचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी त्याने पाणीही सोडलं. त्याची बहीण सना सैफ शर्मला आली. ८ नोव्हेंबरला ती पत्रकारांसमोर बोलत असताना इजिप्तचा एक खासदार उठून तिच्यावर ओरडू लागला आणि संयुक्त राष्ट्रांच्या रक्षकांनी त्याला बाहेर नेलं. इजिप्तमध्ये इतर कुठल्याही खोलीत आधी बाहेर काढलं असतं ते तिला. संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्क प्रमुख फोल्कर टुर्क यांनी त्याच दिवशी सुटकेची मागणी केली. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनीच्या नेत्यांनी अध्यक्ष सिसींपुढे विषय काढला. तिकडे त्याची आई लैला सुएफ, कैरो विद्यापीठात गणित शिकवणारी प्राध्यापिका, वादी नत्रून तुरुंगाच्या दाराशी दिवसेंदिवस बसून होती. मुलगा जिवंत असल्याची एक चिठ्ठी तिला हवी होती. १४ नोव्हेंबरला ती मिळाली: तो पुन्हा पाणी पितो आहे.

तुम्ही आईच्या जागी स्वतःला ठेवून पाहा, आणि मग "जाऊन काय उपयोग" हा प्रश्न पुन्हा विचारा. त्याची सुटका तेव्हा झाली नाही, हे खरं. पण त्या दोन आठवड्यांत तो कुणाच्याही नकळत मरू शकला नसता, हेही तितकंच खरं.

त्याच परिषदेआधी केरळचा एक वास्तुरचनाकार कैरोहून शर्मकडे एकटा पायी निघाला होता. हवामान न्यायासाठी चालायचं, एवढंच. काही तासांत पोलिसांच्या नाक्यावर त्याला थांबवलं आणि ताब्यात घेतलं. त्याची चौकशी करायला गेलेल्या स्थानिक वकील मित्रालाही धरून ठेवलं. एका दिवसानंतर दोघांना सोडलं. आपल्याकडे वारी, पदयात्रा, लाँग मार्च यांची सवय असल्याने पायी चालण्याला कोण अडवणार, असं आपल्याला वाटतं. मनातून ते काढून टाका. आणि त्या वकील मित्राला विसरू नका. पदयात्रा दुसऱ्याची होती, तो फक्त विचारायला गेला होता.

दुबईचं तुमच्याशी थेट नातं आहे, हे तुमच्या गटात सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही. २०२३ च्या परिषदेचे अध्यक्ष सुलतान अल जाबेर हे अबुधाबीच्या सरकारी तेल कंपनीचे, ॲडनॉकचे प्रमुख. जून २०१८ मध्ये दिल्लीत नाणारच्या रिफायनरीसाठी सौदी आरामको आणि ॲडनॉक यांचा जो करार झाला, त्यावर ॲडनॉकतर्फे सही त्यांचीच. २०१९ मध्ये नाणारचं भूसंपादन रद्द झालं. मग रिफायनरीसाठी बार्सूच्या सड्यावर मातीपरीक्षणाची यंत्रं आली, आणि एप्रिल २०२३ मध्ये तुमच्या गावच्या बायका पोलिसांच्या गाड्यांसमोर रस्त्यावर आडव्या झाल्या. शंभराहून अधिक लोकांना ताब्यात घेतलं होतं. आठ महिन्यांच्या आत ॲडनॉकचे तेच प्रमुख जगाच्या हवामान परिषदेच्या अध्यक्षपदी बसले. तुम्ही अंताल्यात बोलायला उभ्या राहिलात तर ही गोष्ट सांगा. रस्त्यावर आडवी झालेली बाई आणि परिषदेच्या अध्यक्षाची खुर्ची यांच्यात किती थोडं अंतर आहे, हे तुमच्याइतकं नीट दुसरं कोण सांगणार?

त्या परिषदेच्या काळातच, डिसेंबर २०२३ मध्ये, अबुधाबीच्या न्यायालयात ८४ जणांवर सामूहिक खटला सुरू झाला. त्यातले बरेच जण दहा वर्षांपूर्वीच्या अशाच खटल्यातली शिक्षा भोगून झालेले किंवा भोगत असलेले होते. अहमद मन्सूरही त्यात होता. मार्च २०१७ पासून तो तुरुंगातच आहे. जुलै २०२४ मध्ये त्यांपैकी ४३ जणांना जन्मठेप झाली. सगळे जगाचे पत्रकार दीड तासाच्या अंतरावर असताना असा खटला चालवण्याची हिंमत सरकारला होते. परिषदेमुळे दडपशाही आपोआप सैल होते, असं कुणी म्हणालं तर मी हेच उदाहरण देते.

आणखी एक, आणि हे आपल्या लोकांबद्दल. दुबईत उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी असते, १५ जून ते १५ सप्टेंबर. फेअरस्क्वेअर या संस्थेच्या तपासात दिसलं की सप्टेंबर २०२३ मध्ये परिषदेच्याच जागेवर स्थलांतरित मजूर त्या वेळेत, ४२ अंशांपर्यंतच्या उन्हात राबत होते. कामगार संघटना काढायला तिथे परवानगी नाही. त्यामुळे तक्रार करायची तर एकट्याने, आणि नोकरी गेली की व्हिसाही जातो. रत्नागिरी-राजापुरातल्या किती घरांचा चुलता, मामेभाऊ, जावई आखातात आहे, हे तुम्हाला सांगायला नको. आखातात परिषद असेल तेव्हा मी आपल्याकडच्या माणसांना बजावते: नातेवाइकाला भेटा, त्याच्या घरी जेवा, पण तुमच्या बॅजसह त्याच्याबरोबर फोटो काढू नका, आणि त्याला निदर्शनाच्या जागी तर बोलावूच नका. तुम्हाला फार तर परत पाठवतील. त्याचं सगळं घर उठेल.

बाकूकडे वळते, कारण "मानवी हक्क वेगळे, हवामान वेगळं, दोन्ही एकत्र करू नका" असं सांगणारे शिष्टमंडळांतले लोक तुम्हाला भेटतील, आणि त्यांना उत्तर बाकूत आहे. अझरबैजानच्या गदाबय भागात सोयुदलू नावाचं गाव आहे. तिथल्या सोन्याच्या खाणीचं सायनाइडयुक्त सांडपाणी साठवायला दुसरा तलाव नको, म्हणून जून २०२३ मध्ये गावकरी रस्त्यावर आले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, म्हाताऱ्या बायकांच्या तोंडावर मिरीचा फवारा मारला, आणि कित्येक दिवस गावात बाहेरच्या कुणाला जाऊ दिलं नाही. पुढच्या वर्षी तोच देश यजमान झाला. हक्कांसाठी काम करणाऱ्या अनार मम्मदलींनी परिषद डोळ्यांपुढे ठेवून हवामान न्यायासाठी एक गट सुरू केला, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांना अटक झाली. अबझास मीडिया हे संकेतस्थळ सत्ताधाऱ्यांच्या भ्रष्टाचाराचा माग काढत होतं. त्याचे उल्वी हसनली आणि सेविंज वागिफगिझी यांना नोव्हेंबर २०२३ मध्येच उचललं होतं. तेलावर उभ्या असलेल्या अर्थव्यवस्थेची आकडेवारी लोकांना समजावून सांगणारा फरीद मेहरालीझादे मे २०२४ मध्ये आत गेला. जून २०२५ मध्ये उल्वी, सेविंज आणि फरीद या तिघांनाही नऊ-नऊ वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा परिषद संपून सात महिने झाले होते.

आता विचार करा. प्रत्येक देश आपलं उत्सर्जन किती, तेल-वायू किती, कुणाला किती मदत मिळाली, हे कागदावर लिहून देतो. तो कागद खरा की खोटा हे तपासणार कोण? खाणीजवळचा गावकरी, स्थानिक पत्रकार, आकडे वाचता येणारा अर्थतज्ज्ञ. हे तिघे आत असतील तर तुम्ही परिषदेत कोरा कागद वाचत बसता. म्हणून शिष्टमंडळाशी बोलताना "दयामाया दाखवा" असं म्हणू नका. "आमची आकडेवारी तपासणारा माणूस तुम्ही पकडून ठेवलाय, तो आम्हाला परत हवा" असं म्हणा. हा मुद्दा वाटाघाटी करणाऱ्यांना कळतो.

हे सगळं फक्त हुकूमशाहीतच घडतं, असंही समजू नका. १२ डिसेंबर २००९ ला कोपनहेगनमध्ये पोलिसांनी ९६८ जणांना पकडून थंडीत हात बांधून रस्त्यावर बसवून ठेवलं होतं. पॅरिसला २०१५ मध्ये दहशतवादी हल्ल्यांनंतरच्या आणीबाणीत हवामान कार्यकर्त्यांपैकी २४ जणांना घरात स्थानबद्ध केलं. मोर्चावर बंदी आली तेव्हा लोकांनी चौकात हजारो जोडे ओळीने मांडून ठेवले. पोलंडने २०१८ मध्ये खास कायदा करून कातोवित्सेत ऐन वेळच्या निदर्शनांना मनाई केली. फरक इतकाच की कोपनहेगनच्या लोकांना नंतर न्यायालयात जाता आलं आणि त्या अटका बेकायदा ठरल्या. कतारच्या दोहात २०१२ मध्ये परिषद चालू असताना, २९ नोव्हेंबरला, मोहम्मद अल-अजमी या कवीला एका कवितेसाठी जन्मठेप झाली. त्याला २०१६ मध्ये माफी मिळाली. न्यायालयात मात्र न्याय मिळाला नाही.

ब्राझीलमधल्या बेलेमला नोव्हेंबर २०२५ मध्ये परिषद झाली तेव्हा रस्ते खुले होते, हजारो लोक चालले. मुंडुरुकू आदिवासींनी दार अडवलं तेव्हा परिषदेचे अध्यक्ष बाहेर येऊन त्यांच्याशी बोलले. पण त्याच आठवड्यात जादा बंदोबस्ताची मागणी ब्राझीलकडे केली ती हवामान सचिवालयाच्या प्रमुखांनी. आतल्यांची सुरक्षा आणि बाहेरच्यांचा आवाज यांत सचिवालय कुणीकडे झुकतं, ते तिथे दिसलं.

आता तुमचं अंताल्या. तुर्कस्तानातल्या आजच्या दडपशाहीचा एक मोठा धागा झाडांपासून सुरू होतो. मे २०१३ मध्ये इस्तंबूलच्या गेझी बागेतली झाडं तोडू नयेत म्हणून काही लोक तिथे तंबू ठोकून बसले. पोलिसांनी तंबू उठवले आणि आंदोलन देशभर पेटलं. त्याच्यामागे कट होता असं सांगून उस्मान कवाला या संस्कृतिकार्यकर्त्या उद्योजकाला ऑक्टोबर २०१७ मध्ये पकडलं. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये त्याला सोडायला सांगितलं. एप्रिल २०२२ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्याच निकालात वकील जान अतालाय आणि नगररचनाकार तायफुन कहरामान यांना प्रत्येकी १८ वर्षं. अतालाय मे २०२३ मध्ये तुरुंगातूनच खासदार म्हणून निवडून आला. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिले, तरी त्याला सोडलं नाही आणि त्याची खासदारकी काढून घेतली. मार्च २०२५ मध्ये इस्तंबूलचे महापौर एक्रेम इमामोअलू यांना अटक झाली. मुग्ला प्रांतातलं अकबेलेनचं जंगल शोधून वाचा. तिथे लिग्नाइटच्या खाणीसाठी झाडं तोडायला आले तेव्हा, जुलै २०२३ मध्ये, गावच्या म्हाताऱ्या बायका झाडांना बिलगल्या आणि त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडले. तुमच्या सड्यावरच्या बायकांना त्या लगेच ओळखीच्या वाटतील.

पण त्यांना थेट संदेश पाठवू नका. माझ्या हातून एकदा हे झालं आहे. एका यजमान देशात आमच्या गटातल्या एकाने स्थानिक कार्यकर्तीबरोबरचा फोटो उत्साहाने टाकला. मी जाण्याआधी त्याला नीट सांगितलं नव्हतं. आम्ही परतल्यावर तिला दोनदा चौकशीला बोलावलं. ती आमच्यावर रागावली नाही, आणि ते मला जास्त लागलं. तेव्हापासून मी क्रम ठरवला आहे: आधी त्या देशाबाहेर राहणारी त्यांची विश्वासाची माणसं किंवा वकील, मग कुटुंब, आणि कैद्याचं नाव जाहीरपणे घ्यायचं की नाही हे फक्त कुटुंब ठरवणार. काहींना बोभाटा हवा असतो, काहींची आतून बोलणी चालू असतात. तुम्हाला कितीही वाटलं तरी त्यांचा "नको" म्हणजे नको.

बाकीची काळजी साधी आहे. तुर्कस्तानात राष्ट्राध्यक्षांचा अपमान हा गुन्हा आहे; तिकीट काढण्याआधी स्वतःच्या जुन्या पोस्ट चाळा. मार्च २०२५ मध्ये निदर्शनांचं वार्तांकन करायला गेलेल्या स्वीडिश पत्रकाराला उतरल्या उतरल्या पकडलं होतं, म्हणजे परकी पारपत्र ढाल होईलच असं नाही. रोजचा फोन घरी ठेवा, दुसऱ्या फोनवर लागतील तेवढेच क्रमांक घ्या. बार्सूतल्या खटल्यांची कागदपत्रं, साक्षीदारांची नावं त्यात नकोत. तुमच्या माणसांना धोका तिकडूनही होऊ शकतो. भारतीय दूतावासाचा आणि एका स्थानिक वकिलाचा क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवा. टॅक्सीत आणि हॉटेलच्या स्वागतकक्षात कुणाचं नाव घेऊ नका. शर्ममध्ये टॅक्सींतही कॅमेरे बसवले होते.

आणि परत आल्यावरच्या वर्षाची वही आत्ताच घाला. ज्यांची नावं तुम्ही घ्याल त्यांच्या सुनावणीच्या तारखा त्यात लिहा, कारण नोव्हेंबरनंतर पत्रकार निघून जातात आणि निकाल त्यानंतर लागतात. आपल्या शिष्टमंडळातल्या ज्या अधिकाऱ्याशी ओळख होईल, त्याला सहा महिन्यांनी पुन्हा पत्र लिहा. २०२३ मध्ये दुबईत पंतप्रधानांनी २०२८ ची परिषद भारतात घ्यायचा प्रस्ताव मांडला होता. आपल्याकडे परिषद आली तर बार्सूच्या बायका तिच्या दारापर्यंत पोहोचू शकतील का, हेही त्याच पत्रात विचारा.

अलाची शिक्षा सप्टेंबर २०२४ मध्ये संपायला हवी होती. सरकारने खटल्याआधीची दोन वर्षं धरली नाहीत, तेव्हा लैला सुएफनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी उपोषण सुरू केलं आणि ते नऊ महिन्यांहून अधिक चाललं. लंडनमध्ये, कैरोत, जिथे जमेल तिथे लोक त्याचं नाव घेत राहिले. शर्मला जे ते घेत होते, त्यांतले पुष्कळ जण त्यात होते. २२ सप्टेंबर २०२५ ला माफीचा हुकूम निघाला आणि दुसऱ्या दिवशी तो गिझातल्या घरी आईजवळ पोहोचला.